प्रोजेक्ट झोम्बॉइडची औषधपेटी: गच्च भरलेली, पण कामाची कधी?

प्रोजेक्ट झोम्बॉइड या झोम्बींच्या साथीत जगून दाखवायच्या संगणकीय खेळात महिनाभर तग धरलेल्या कुठल्याही खेळाडूच्या तळावर जाऊन बघा. अन्नाचं कपाट अर्धं रिकामं असतं, पेट्रोलचे डबे मोजकेच असतात आणि औषधांची पेटी मात्र गच्च भरलेली असते. अँटिबायोटिक, जंतुनाशकाच्या बाटल्या, टाक्यांच्या सुया, कापसाचे बोळे, सगळं जसंच्या तसं पडून. खेळाडू काटकसरी असतो असं नाही, त्याला या वस्तूंची गरजच पडलेली नसते. दि इंडी स्टोन या निर्मात्या कंपनीने या खेळातली वैद्यकीय व्यवस्था फार मेहनतीने बांधली आहे. जखमांचे प्रकार आहेत, प्रत्येकीचे वेगळे उपचार आहेत, पट्टी मळते, टाके घालावे लागतात. पण खेळ जसा मिळतो तसा खेळलात तर यातल्या निम्म्या गोष्टींना तुमचा हातही लागणार नाही. यावर उपाय आहे, आणि तो खेळाच्याच सँडबॉक्स सेटिंगमध्ये, म्हणजे खेळाचे नियम स्वतः ठरवायच्या सोयीत, आहे.

पुढचं सगळं खेळाची बिल्ड ४१ ही आवृत्ती धरून लिहिलं आहे. ती डिसेंबर २०२१ मध्ये मल्टिप्लेअरसह स्थिर झाली आणि पुष्कळ मॉड, म्हणजे खेळाडूंनी बनवलेले जादा भाग, तिच्यावर उभे आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये चाचणीसाठी खुल्या झालेल्या बिल्ड ४२ मध्ये द्रवपदार्थांची आणि वस्तू बनवण्याची पद्धत पार बदलली, स्नायूंवर ताण येण्याचा प्रकार आला. त्यामुळे तिथे काही कृती वेगळ्या दिसतील.

मुळात अडचण कुठे आहे ते आधी. खेळ घडतो १९९३ मध्ये, अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या नॉक्स कंट्री या काल्पनिक प्रदेशात. तुम्ही कसे मेलात त्याची ही गोष्ट, असं तो सुरुवातीलाच बजावतो. झोम्बीने नुसतं ओरखडलं तर संसर्गाची शक्यता ७ टक्के, चामडी फाटली तर २५ टक्के आणि चावा घेतला तर पूर्ण १००. संसर्ग झाला की मूळ सेटिंगनुसार दोनतीन दिवसांत मृत्यू. त्यावर खेळात कुठलंही औषध नाही. अँटिबायोटिक नाही, जंतुनाशक नाही, काहीच नाही. दुसऱ्या बाजूला ज्या जखमांवर औषधं चालतात, त्या जिवावर क्वचितच बेततात. जखम चिघळली तर दुखतं आणि भरून यायला वेळ लागतो, पण नुसत्या चिघळण्याने तुम्ही मरत नाही. म्हणजे जे मारतं त्याला औषध नाही आणि ज्याला औषध आहे ते मारत नाही. असं असताना गोळ्या पेटीत पडून राहणारच.

नवे खेळाडू या दोन संसर्गांत हमखास गल्लत करतात. आरोग्याच्या पटलावर जखमेपुढे संसर्ग झाल्याचं दिसलं की त्यांचा धीर सुटतो. तो साधा जंतुसंसर्ग असतो आणि अँटिबायोटिक त्यासाठीच आहेत. झोम्बीचा संसर्ग त्या पटलावर लिहून येत नाही. त्याची चाहूल लागते ती मळमळीच्या खुणेवरून, आणि ती खूण पायरीपायरीने गडद होत जाते. तरीही मळमळ दिसताच आशा सोडू नका. ढिगाने पडलेल्या मृतदेहांपाशी रेंगाळल्यावरही नेमकी हीच खूण येते, शिळंपाकं खाल्ल्यावरही येते. मृतदेहांपासून लांब जा आणि काही तास वाट बघा. खूण ओसरली तर ती दुर्गंधीची होती. कित्येक जण तेवढं थांबत नाहीत आणि धडधाकट पात्र झोम्बींच्या घोळक्यात सोडून देतात.

आता वस्तूंकडे. सगळ्यांत जास्त वापर चिंधीचा, आणि तिथेच सगळ्यांत जास्त चुका होतात. सुती कपडा किंवा चादर हाताने फाडता येते. डेनिम आणि चामडं फाडायला कात्री लागते. रक्ताने माखलेला किंवा मळका कपडा फाडलात तर चिंधीही मळकीच निघते. मेलेल्या झोम्बीच्या अंगावरचा सदरा फाडून घाईत जखमेवर बांधणं म्हणजे जखम चिघळायला आमंत्रण. अंगावरून रक्त वाहत असेल आणि दुसरं काही हाताशी नसेल तर जरूर बांधा, कारण रक्तस्राव थांबवणं पहिलं. पण सुरक्षित जागी पोहोचताच ती सोडा आणि स्वच्छ पट्टी बांधा. खरी पट्टी चिंधीपेक्षा उशिरा मळते, दोघींत फरक तेवढाच. म्हणून लहान ओरखड्यावर चिंधी पुरते. पट्टी राखून ठेवायची ती खोल जखमेसाठी.

मळलेली पट्टी किंवा चिंधी फेकायची गरज नसते. पाण्याने धुतली की पुन्हा वापरता येते, साबणही लागत नाही. धुतल्यावर ती स्वच्छ होते, निर्जंतुक होत नाही. निर्जंतुक करायला जंतुनाशक किंवा बर्बन चालते. बर्बन म्हणजे केंटकीचीच दारू, त्यामुळे ती तिथल्या घराघरांत आणि बारमध्ये सापडते, आणि जखम धुवायलाही ती तितकीच चालते. भांड्यात पाणी तापवून त्यातही पट्ट्या निर्जंतुक करता येतात. नळ चालू असतानाच सगळ्या मळक्या पट्ट्या धुऊन ठेवा. मूळ सेटिंगमध्ये पहिल्या तीस दिवसांत कधीही पाणी बंद पडतं, आणि मग प्यायला साठवलेलं पाणी चिंध्यांवर खर्च करायची वेळ येते.

जंतुनाशकाचा एक तोटा फार कमी जण लक्षात घेतात: ते जखमेला झोंबतं, वेदना वाढते. वेदना फार झाली तर पात्राला झोपच लागत नाही आणि हाणामारीतला जोरही कमी होतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी पेनकिलर, मग जंतुनाशक, मग निर्जंतुक पट्टी. संध्याकाळी मलमपट्टी करणार असाल तर गोळी घेतल्याशिवाय बाटली उघडू नका, नाही तर सगळी रात्र जागून काढावी लागेल. कापसाचे बोळे जंतुनाशकात भिजवून ठेवले की अख्खी बाटली पाठीवर वागवावी लागत नाही. बाहेर पडताना हे बोळे आणि अल्कोहोलचे वाइप बरोबर असणं सोयीचं.

खोल जखमेला नुसती पट्टी पुरत नाही. रक्त पट्टीतून झिरपत राहतं आणि पट्टी भराभर मळते. तिला टाके हवेत. टाक्यांची सुई एकदाच वापरता येते, पण तिच्यासोबत वेगळा धागा लागत नाही. साधी शिवणाची सुई पुन्हापुन्हा चालते, पण तिला धागा हवा. इथे खेळाची रचना छान जुळून आली आहे: हाच धागा कपड्यांना ठिगळं लावायलाही लागतो. ठिगळं लावलेलं जाकीट चावा अडवतं आणि टाके घातलेली जखम भरते, म्हणजे एकाच रिळावर दोघांचा दावा. हिशेबाने पाहिलं तर धागा आधी ठिगळांना द्यावा आणि टाक्यांसाठी एकदाच चालणाऱ्या सुया राखून ठेवाव्यात. सुई धरायचा चिमटा सापडला तर टाकू नका, त्याने टाके घालताना कमी दुखतं. टाके काढायची घाई मात्र करू नका. ते फार लवकर काढले की जखम पुन्हा उघडते.

काच रुतणं हा पूर्णपणे टाळता येण्याजोगा अपघात आहे. फुटलेल्या खिडकीच्या चौकटीत उरलेले तुकडे काढूनच आत शिरा. उजव्या क्लिकच्या यादीत तो पर्याय असतो, क्षणभराचं काम. झोम्बी पाठीशी असताना ते राहून जातं आणि मग चिमटा शोधत बसावं लागतं. काच किंवा गोळी आत असताना वरून पट्टी बांधून काही उपयोग होत नाही, आधी ती काढावी लागते. भाजलेल्या जखमेलाही असाच एक जादा टप्पा आहे: पट्टी बांधण्याआधी ती साफ करावी लागते, नाही तर भरणं रेंगाळतं.

हाड मोडलं तर लाकूड आणि चिंधी घेऊन खपची बनवायची आणि बांधायची. खपची हातापायांनाच बसते. डोक्याला किंवा धडाला मार बसला तर विश्रांती आणि चांगलं खाणं एवढंच हाती उरतं. पोट भरलेलं असलं की प्रत्येक जखम लवकर भरते, म्हणून उपाशी पात्रावर औषधांचा मारा करणं फुकट. डबाबंद अन्न हेही एक औषधच मानून चाला.

रानातल्या वनस्पती हा या खेळातला सगळ्यांत दुर्लक्षित आणि सगळ्यांत सुंदर भाग. वनौषधींवरचं मासिक सापडलं आणि वाचलं, किंवा पात्र निवडतानाच तो गुण घेतला, की रानात शोधताना उपयोगी पानं ओळखता येतात. वाइल्ड गार्लिकचा लेप चिघळलेल्या जखमेवर, कॉम्फ्रीचा मोडलेल्या हाडावर आणि प्लँटेनचा उघड्या जखमेवर. प्लँटेन म्हणजे इथे केळं नव्हे, ती रस्त्याकडेला उगवणारी रुंद पानांची वेगळीच वनस्पती आहे. लेपासाठी खलबत्ता हवाच, आणि एका लेपाला एकाच वनस्पतीचे पाच नग लागतात. ब्लॅक सेज वेदना कमी करते, कॉमन मॅलो सर्दीवर चालते. गवती चहा मात्र आपल्याकडे सर्दीखोकल्याला उकळतात, इथे तो पोट बिघडल्यावर खायचा. अन्नातून विषबाधा झाली असेल तर कपाटातल्या कुठल्याही गोळीपेक्षा हा उपाय कामाचा. म्हणून उन्हाळ्यातच पानं जमवा. पात्र जुलैमध्ये खेळ सुरू करतं आणि हिवाळा आला की रानात फारसं काही मिळत नाही.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. बीटा ब्लॉकर घबराट कमी करतात. घबराटीने नजरेचा टप्पा आणि नेम दोन्ही बिघडतात, तेव्हा मोठ्या घोळक्याशी भिडण्याआधी एक गोळी घेणं शहाणपणाचं. नैराश्यावरच्या गोळ्या हळूहळू काम करतात, एका गोळीने फरक दिसत नाही म्हणून पाठोपाठ चार खाऊ नका. जीवनसत्त्वांच्या गोळ्या थोडा थकवा उतरवतात, एवढंच. झोपेच्या गोळ्यांवर दारू कधीच नको.

प्रथमोपचाराचं कौशल्य ही या व्यवस्थेतली खरी त्रुटी, आणि ती सेटिंग बदलून जात नाही. हे कौशल्य वाढतं ते जखमेवर उपचार केल्यावरच, म्हणजे जखमी झाल्याशिवाय शिकताच येत नाही. सुतारकाम शिकायला फळ्या कापता येतात, हे शिकायला मात्र स्वतःचं रक्त सांडावं लागतं. जो सांभाळून खेळतो तो वर्षभरातही वरच्या पातळीवर जात नाही. पातळी चढल्यावर मिळतं काय, तर उपचार लवकर उरकतो, टाक्यांची वेदना कमी होते आणि पट्टी जास्त वेळ टिकते. एकट्याने खेळणाऱ्याने या कौशल्यासाठी डॉक्टरचा पेशा घेणं म्हणजे मोलाचे गुण वाया घालवणं. मल्टिप्लेअरमध्ये चित्र उलटं असतं. तिथे सोबत्यावर उजवं क्लिक करून त्याची तपासणी करता येते, त्याच्या जखमा तुम्ही बांधता, आणि आठदहा जणांच्या गटात एक डॉक्टर असला तर त्याचं कौशल्यही झपाट्याने वाढतं.

आता त्या सेटिंगकडे, कारण हे सगळं सामान कामाचं ठरतं ते इथेच. नवा खेळ सुरू करताना सँडबॉक्स निवडा आणि पुढच्या गोष्टी बदला.

पहिली आणि सगळ्यांत महत्त्वाची, संसर्गाचा मार्ग. मूळ पर्यायात रक्त आणि लाळ दोन्हींतून संसर्ग होतो. तो 'फक्त लाळेतून' असा केला की ओरखडे आणि फाटलेली चामडी यांतून झोम्बी व्हायची भीती जाते, चावा मात्र पूर्वीइतकाच घातक राहतो. आता २५ टक्क्यांचा जुगार उरत नाही. फाटलेली चामडी म्हणजे फक्त रक्त, वेदना आणि चिघळण्याचा धोका, म्हणजेच नेमकं ते, ज्यावर पेटीतली प्रत्येक वस्तू चालते. हाच बदल सर्वांत आधी करा, त्यानंतर पुढचं. 'कुठलाच नाही' असा पर्यायही आहे. त्यात चावासुद्धा जखमच ठरतो, खोल आणि भळाभळा वाहणारी. ज्यांना औषधांवरच खेळ उभा करायचा आहे त्यांनी तो घ्यावा, पण बाकीच्या सेटिंग कडक केल्याशिवाय नको, नाही तर खेळातली सगळी धास्ती निघून जाते.

दुसरी, जखमांची तीव्रता. ती 'जास्त' वर ठेवली की जखमा भरायला बराच जास्त वेळ घेतात. मग एका जखमेला एक चिंधी पुरत नाही, पट्ट्यांची पाळी लावावी लागते, आणि वेदनेमुळे पेनकिलर सहज संपतात. पहिल्या दोन सेटिंग एकत्र केल्या की खेळाचा रंगच बदलतो. तिसरी, वैद्यकीय लूट, म्हणजे औषधं सापडण्याचं प्रमाण. ती 'अत्यंत दुर्मीळ' वर आणा. 'वेड्यासारखी दुर्मीळ' असाही एक पर्याय आहे, पण तो घेतलात तर खेळातल्या मल्ड्रो गावामधल्या कॉर्टमन मेडिकलसारख्या दवाखान्यातूनही रिकाम्या हाताने परतावं लागण्याची शक्यता मोठी, आणि मग उपचारांची गंमतच उरत नाही. दुर्मीळ असावं, अशक्य नसावं. चौथी, हाडं मोडण्याचा पर्याय चालूच ठेवा आणि गाडीच्या धडकेत चालकाला इजा होण्याचाही. हे दोन्ही बंद केलेत तर खपच्या आणि कॉम्फ्री दोन्ही बाद.

या सेटिंग खेळ सुरू करण्याआधीच ठरवाव्या लागतात, एकट्याच्या खेळात मधेच बदलायला वेगळा मॉड लागतो. सर्व्हरवर मात्र अॅडमिनला त्या चालू खेळात बदलता येतात.

मॉडपैकी दोन या विषयाशी थेट संबंधित आहेत. 'दि ओन्ली क्युअर' मध्ये चावलेला हात वेळीच कापून टाकता येतो. त्यानंतर टाके, पट्ट्या, जंतुनाशक हे सगळं एकाच बैठकीत लागतं, म्हणजे अचानक तुमची गच्च पेटी अपुरी वाटायला लागते. सगळं सामान आधीच तयार नसेल तर कापू नका, रक्तस्रावातच जीव जाईल. 'अँटिबॉडीज' वेगळ्या वाटेने जातो: संसर्ग झाल्यावर शरीर त्याच्याशी झुंजतं, आणि जगण्याची शक्यता पात्राच्या एकूण प्रकृतीवर ठरते. खाल्लं किती, झोप किती झाली, जखमा स्वच्छ आहेत का. दोघांपैकी मला दुसरा जास्त पटतो, कारण तो एका झटक्यात सुटका देत नाही, रोजच्या काळजीला किंमत देतो. आपल्या बिल्डला चालणारीच आवृत्ती घ्या आणि सर्व्हरवर खेळत असाल तर सगळ्यांकडे तीच असायला हवी, नाही तर जोडणीच होत नाही.

या सेटिंगवर खेळताना पाठीवरच्या पिशवीत असावं असं सामान: चार पट्ट्या, त्यांपैकी दोन निर्जंतुक केलेल्या, सहा स्वच्छ चिंध्या, भिजवलेले तीन बोळे, टाक्यांच्या दोन सुया, चिमटा, पेनकिलरची एक डबी आणि बीटा ब्लॉकरची एक. खपचीसाठी वेगळं लाकूड वागवू नका, झाडाची फांदी कुठेही मिळते. अँटिबायोटिक तळावरच ठेवा, कारण जखम चिघळायला वेळ लागतो आणि तोवर तुम्ही परत येता. सगळं प्रथमोपचाराच्या डब्यात भरलंत तर झोम्बी अंगावर असताना यादीत पट्टी शोधावी लागत नाही. एक चिंधी मात्र डब्याबाहेर, थेट हाताशी असू द्या.